पेट्यांमधला डपी

तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. रविवारची प्रार्थना आटोपून माणसं थेट इकडेच आली होती. बायकांच्या डोक्यावर अजून चर्चच्या टोप्या होत्या. बूट मात्र सगळ्यांनी वरच्या पायरीपाशी काढून ठेवले होते. मांत्रिक पापा क्लीव्हचा हुकूमच तसा होता. मेलेल्या माणसाच्या खोलीत म्हणे चामडं चालत नाही.

भिंतीला टेकून स्पीकरच्या चार काळ्या पेट्या उभ्या होत्या, माणसाच्या छातीपर्यंत येणाऱ्या. लॅसेल्सने त्या स्वतः रंधा मारून, खिळे ठोकून केल्या होत्या. रेकॉर्डची तबकडी फिरत नव्हती, कोणी काही वाजवत नव्हतं, तरी पेट्यांतून जाड, खोल गुरगुर येत होती. कानाच्या आधी पोटाला कळावी अशी.

"गुणगुणतोय बघ," एव्हिसबाई कुजबुजल्या. "पेट्या पुसताना असाच गुणगुणायचा."

ते खरं होतं. इंग्लंडातल्या हडर्सफील्डच्या त्या जमैकन आळीत लॅसेल्सचं गुणगुणणं ऐकलं नाही असा माणूस नव्हता. म्हणून तर अंगावर काटा येत होता.

पापा क्लीव्हने पांढरा डगला सावरला आणि जाड रबरी तळाच्या बुटांनी दमदार पावलं टाकत तो पुढे झाला. "लॅसेल्स, बायको आलीय. जरा गप्प बस." असं म्हणून त्याने तबकडीवरच्या लोखंडी दांडीवर हात ठेवला. गुरगुर विरली. हात उचलला, पुन्हा सुरू झाली. गर्दीने श्वास ओढून घेतला.

"बाजारातला अँप्लिफायर नुसता आवाज मोठा करतो," पापा क्लीव्ह म्हणाला. "माझा अँप्लिफायर करार करतो. यात सात कबरींची माती आहे, सात झऱ्यांचं पाणी आहे आणि अस्सल जपानी ट्रान्झिस्टर आहेत."

"पाण्याने ट्रान्झिस्टर गंजत नाहीत होय?" मागून बर्टी म्हणाला.

"गप रे मेल्या," एव्हिसबाईंनी त्याला कोपर मारलं.

मग पापा क्लीव्हने मायक्रोफोन आयसिल्डाच्या हातात दिला. लॅसेल्सची विधवा अनवाणी, दगडी फरशीवर उभी होती. तिची बोटं धातूभोवती मिटली आणि डोळे भरून आले.

"हात धरतोय माझा," ती म्हणाली.

तिची मुलगी मर्लीन जिन्यात उभी राहून हे पाहत होती. मर्लीन बस चालवायची. रोज शंभर माणसांच्या थापा ऐकायची आणि एकाही थापेला तिकिटाशिवाय आत घ्यायची नाही. पण आईचा तो चेहरा पाहिला की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. बाप गेल्यापासून आई पहिल्यांदाच धड जेवू लागली होती.

लॅसेल्स फेब्रुवारीत गेला. नऊ रात्री घर माणसांनी भरलं, रम आणि तळलेले मासे झाले, भजनं झाली. नवव्या रात्री रिवाजाप्रमाणे त्याची खोली उलटीपालटी केली. पलंग फिरवला, कपाट दुसऱ्या भिंतीला नेलं. मेलेल्याचा डपी, म्हणजे त्याचं भूत, परत आलं तर त्याला घर ओळखू येऊ नये आणि त्याने आपल्या वाटेने निघून जावं, हा त्यामागचा हेतू. आयसिल्डा म्हणाली, "त्याची खरी खोली तळघर." म्हणून पेट्याही या भिंतीच्या त्या भिंतीला गेल्या. तारा उपसल्या, पुन्हा खोचल्या.

तिथून सगळं बिनसलं. लॅसेल्सचा जुना अँप्लिफायर त्याच्याआधीच मेला होता. ऑगस्टच्या कार्निव्हल मिरवणुकीत आपल्या पेट्या वाजल्या पाहिजेत, असं त्याने मरताना बायकोकडून वदवून घेतलं होतं. मर्लीनने जुन्या सामानाच्या दुकानातून परवडेल असा एक अँप्लिफायर आणला. बेसचा पहिला दणका बसला, लाल दिवा लागला आणि यंत्र गप्प झालं. दुकानात नेलं तर ठणठणीत. घरी आणलं की मुडदा. दुसरा आणला, त्याचीही तीच गत.

"खोली उलटवली म्हणून रागावलाय," आळी म्हणाली. मग पापा क्लीव्ह आला. त्याने रम शिंपडून दोन पेट्या 'झोपवल्या', म्हणजे त्यांच्या तारा काढून ठेवल्या, आणि त्याचा अँप्लिफायर गरजला. कराराची किंमत आठशे पौंड, आणि वर त्या झोपलेल्या दोन पेट्या. पुढच्या रविवारी द्यायच्या होत्या.

त्या आठवड्यात आयसिल्डा रोज जेवण झालं की बूट काढून तळघरात उतरायची आणि मायक्रोफोन धरून बसायची. गुरुवारी कपडे धुण्याच्या यंत्राचं पाणी फरशीवर सांडलं होतं. ती वर आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

"आज त्याने घट्ट धरलं," ती हसून म्हणाली. "सोडवतच नव्हतं. वाटलं, नेतो की काय बरोबर."

मर्लीनला त्या हसण्याची भीती वाटली. तिने आधी खाली जाऊन भिंतीतलं बटण बंद केलं आणि तशीच वर्नलमास्तरांकडे गेली. वर्नल शाळेत विज्ञान शिकवायचे. तरुणपणी लॅसेल्सच्या पेट्या खांद्यावरून वाहून त्यांनी पाठ धरून घेतली होती.

"सोडवत नव्हतं म्हणाली?" वर्नल खुर्चीतून उठले. "बटण बंद केलंस ना? आता ते कोणी लावायचं नाही. बूट कोणाकोणाचे काढायला लावतो तो?"

"सगळ्यांचे."

"स्वतःचे?"

तिच्या डोळ्यांपुढे ते जाड रबरी तळ आले.

"आणि खोली उलटवताना काही उरलं का गं? तार, पट्टी, काहीही?"

"दोन आखूड तारा उरल्या होत्या, काका. आईने बिस्किटांच्या डब्यात ठेवल्यात. जास्तीच्या असतील असं वाटलं."

"तुझ्या बापाने आयुष्यात जास्तीची तार विकत घेतली नाही," वर्नल म्हणाले.

रविवारी पुन्हा गर्दी झाली. पापा क्लीव्हने बटण लावलं. गुरगुर सुरू झाली. आयसिल्डा अनवाणी मायक्रोफोनकडे वळली, तोच वर्नलनी तिचा हात धरला.

"वहिनी, थांबा. आधी करार करणारे. पापा, तुम्ही बूट काढून धरा की. लॅसेल्स तुमचाही मित्र झालाय आता."

"माझे पाय दुखतात," पापा क्लीव्ह म्हणाला.

"बूट काढले की बरं वाटेल," बर्टी म्हणाला. दोघंतिघं हसली.

"अश्रद्ध माणसासमोर करार मोडतो," पापा क्लीव्ह गुरकावला.

वर्नलनी खिशातून टेस्टर काढला आणि त्याचं टोक मायक्रोफोनला टेकवलं. मुठीतल्या पारदर्शक दांड्यात नारिंगी ठिणगी तेवली. आयसिल्डा त्या ठिणगीकडे पाहत राहिली. मग कोणाला कळायच्या आत तिने जिन्याखालचे बागकामाचे रबरी बूट पायात सारले आणि मायक्रोफोन धरला.

तिने बोटं आवळली, सैल केली, पुन्हा आवळली.

"गेला," ती म्हणाली.

वर्नलनी बटण बंद केलं, प्लग उपसून सगळ्यांसमोर उघडला. आत तीन तारा हव्या होत्या. हिरवी-पिवळी तार मुळापाशी कापून तिला चिकटपट्टी गुंडाळली होती.

"ही जमिनीकडे जायची वाट," वर्नल म्हणाले. "यंत्रातून थोडी वीज गळाली तर ती इथून निघून जाते. ही वाट कापली की ती दुसरी शोधते. अनवाणी पाय आणि दगडी फरशी. ओली असेल तर आणखी बरी. वहिनी, गुरुवारी तुम्हाला खरंच कोणीतरी नेत होतं, पण तो लॅसेल्स नव्हता."

एव्हिसबाईंनी छातीवर हात ठेवला. "आणि ते गुणगुणणं?"

तबकडीच्या मागे एक बारीक तार लोंबत होती. खोली उलटवताना सुटलेली. वर्नलनी ती तिच्या स्क्रूखाली आवळली. मग पापाचा प्लग बाजूला ठेवून, स्वतःबरोबर आणलेल्या शाळेच्या छोट्या अँप्लिफायरला तबकडी आणि एक पेटी जोडली. शांतता. तार सोडवली, लॅसेल्स गुणगुणू लागला. दांडीवर हात ठेवला, दबला. तार पुन्हा आवळली, आणि तो कायमचा गप्प झाला.

ती शांतता गुरगुरीहून वाईट होती. आयसिल्डा भिंतीला टेकली.

मर्लीनने बिस्किटांचा डबा उघडला. "आणि या?"

"या तुझ्या बापाची अक्कल," वर्नल म्हणाले. "तो दोन-दोन पेट्या एकीमागे एक अशा या तारांनी ओवायचा आणि मग त्या दोन जोड्या अँप्लिफायरला लावायचा. तुम्ही चारही थेट लावल्या. एका गाढवावर चौघं बसले. गाढव बसणारच. याने येऊन दोघांना उतरवलं आणि म्हणाला, माझं गाढव मंतरलेलं आहे. उतरवलेली पोरं वर फुकट नेणार होता."

पापा क्लीव्हने आपलं यंत्र उचललं. "श्रद्धा नाही तिथे मी थांबत नाही," म्हणाला. त्याला वाट द्यायला गर्दी सरकली. जिन्यावर रबरी तळांचा आवाजही झाला नाही.

शनिवारी मर्लीन आणि वर्नल त्याच दुकानात गेले. तिने परत केलेला पहिला अँप्लिफायर अजून फळीवर होता, चरे पडलेला, कोणी न घेतलेला. शेजारच्या चकचकीत यंत्रावर वॉटचा दुप्पट आकडा छापला होता.

"तो आकडा विकायला छापलेला असतो," वर्नल म्हणाले. "आपल्या पेट्यांचा भार याला पेलतो का ते विचार. पंखा फिरतो का बघ. प्लग उघडून बघ. आणि घेण्याआधी आपल्याच पेटीवर ऐक." दुकानदार कुरकुरला, पण मर्लीनने बसमधून आणलेली पेटी पाहून बाजूला झाला. यंत्र चाललं. पापाने मागितलेल्या पैशांच्या पावभागात आलं.

संध्याकाळी चारही पेट्या बापाच्या पद्धतीने ओवल्या. बेस सुरू झाला तसे कपाटातले पेले किणकिणले. लाल दिवा लागला नाही. आयसिल्डा बूट घालून खाली आली आणि तिने पेटीच्या लाकडावर तळवा ठेवला. लाकूड थरथरत होतं.

"हा तो नव्हे," ती म्हणाली.

"नाही, आई."

"पण रंधा त्याने मारलाय."

"त्यानेच."

तिने हात काढला नाही. ऑगस्टमध्ये पेट्या वाजल्या, आणि मिरवणुकीत कोणी सात कबरींची माती मागितली नाही.

गेलेल्या माणसाचा हात हातात हवासा वाटणं हा काही गुन्हा नाही. रिकाम्या घरात गुरगुर ऐकू आली की काळीज थांबतं, शिकलेल्याचंही थांबतं. थांबू द्यावं. मग दिवा लावावा, तार कुठून कुठे जाते ते बघावं, चार जाणत्यांना विचारावं. आणि जो कोणी तुमच्या माणसाला परत आणतो म्हणेल, त्याला एवढंच सांगावं: बाबा रे, आधी तू बूट काढ.