कोरडी स्लावा

स्तामेन्काचे गुडघे ठणठणीत होते, तरी चार महिने ती गावात लंगडत होती. दुकानात जाताना उजव्या पायाने, चर्चला जाताना कधी चुकून डाव्या. एप्रिलमध्ये ती बेलग्रेडला दारू सोडवणाऱ्या वॉर्डात भरती झाली, तेव्हा सासरच्यांनी गावभर सांगून टाकलं होतं की सून संधिवातासाठी गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेलीय. पुरुष वॉर्डात गेला असता तर गावाने त्याच्या पाठीवर थाप मारली असती. बाईचं तसं नसतं. बाईचे गुडघे दुखतात. तीन महिन्यांनी ती परत आली आणि घराण्याची अब्रू पायात बांधून फिरू लागली.

नोव्हेंबर उजाडला आणि जुर्जित्स, म्हणजे त्यांच्या घराण्याच्या संताचा दिवस, त्यांची स्लावा, दाराशी येऊन ठेपली. स्लावाला कुणाला बोलवायचं नसतं. ज्याला माहीत आहे तो आपणहून येतो, आणि आला नाही तर का आला नाहीस म्हणून विचारायचीही सोय नसते. एवढंच कळतं, की हे घर आता कुणाच्या खिजगणतीत राहिलं नाही. आणि जो येतो त्याच्या हातात उंबऱ्यावरच आलुबुखाराच्या राकियाचा, म्हणजे घरी गाळलेल्या दारूचा, पेला द्यायचा असतो. इथेच सगळं अडलं होतं.

दर बुधवारी स्तामेन्का आणि तिचा नवरा रादिशा तालुक्याच्या गावी दारू सुटलेल्यांच्या बैठकीला जात. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रादिशाला समोर बसवून बजावलं होतं, "घरात थेंब नको. हिला नाही, तुम्हाला नाही, पाहुण्यालाही नाही." रादिशाने मान डोलावली होती. भला माणूस. मान डोलावण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

स्लावाच्या सकाळी स्तामेन्काने सणाचा पाव चर्चमध्येच कापून आणला. पाद्र्याने त्यावर वाईन ओतली ती तिथेच, त्याच्या हाताने, त्याच्या बाटलीतली. घरी येऊन तिने मेणबत्ती लावली. चुलीवर कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा, सारमा, कालपासून रटरटत होता. चाळीस माणसांची ताटं मांडून झाली होती.

दहाच्या सुमारास रादिशाचा थोरला भाऊ वितोमिर आला. काखेत वेताच्या जाळीतली पाच लिटरची बरणी. मागे त्याची बायको पर्सिदा, हातात पेल्यांचा ट्रे घेऊन.

"हे काय, दादा?" स्तामेन्काने विचारलं.

"काय म्हणजे? राकिया! यंदाची, दोनदा गाळलेली. तुमच्याकडे नाही म्हणे. रादिशा म्हणाला."

रादिशा सारम्याच्या पातेल्यात डोकं घालून उभा राहिला.

"ती या घरात येणार नाही," स्तामेन्का म्हणाली.

"अगं, तुला कोण पाजतंय? तू सरबत पी, दूध पी, गुडघ्याला तेल चोळत बस. लोकांनी काय तुझं घोडं मारलंय?"

"मी प्यायला कशी लागले, माहितीये का दादा तुम्हाला? याच घरात. स्लावाच्याच दिवशी. पाहुणे उठले की पेले धुवायला माझ्याकडे यायचे. तळाशी उरलेलं मी मोरीत ओतलं नाही. आधी एका पेल्यातलं, मग चाळीस पेल्यांतलं. अकरा वर्षं! आणि तुम्ही सगळे म्हणायचात, आमची सून कशी चटचट पेले धुते बघा!"

"हळू बोल, खिडकी उघडी आहे!" वितोमिरच्या अंगाचा तिळपापड झाला. "बाबांच्या थडग्यावरसुद्धा आपण राकिया ओततो. मेलेल्याला राकिया आणि जित्या माणसाला पाणी? असली स्लावा मी होऊ देणार नाही. मेणबत्ती आणि पाव उचलतो आणि माझ्याकडे नेतो. थोरला मी आहे."

"मेणबत्तीला हात लावून तर बघा," स्तामेन्का म्हणाली. तिच्या हातात डाव होता, तोही लोखंडी.

वितोमिरने मेणबत्तीला हात लावला नाही, पण गप्प घरीही गेला नाही. त्याने गोठ्यातून टेबल ओढत आणलं, अंगणाच्या फाटकाबाहेर, अगदी रस्त्यावर मांडलं आणि बरणीचं बूच काढलं. पर्सिदाला पेले भरायला उभं केलं. अकरा वाजल्यापासून माणसं येऊ लागली आणि फाटकाशीच थबकू लागली. एक पेला संताच्या नावाने, दुसरा घराण्याच्या नावाने, तिसऱ्याला नाव लागत नाही. आत मेणबत्ती जळत होती आणि चाळीस ताटांवर माशी बसायलाही तयार नव्हती.

स्तामेन्का खिडकीशी उभी होती. वारा रस्त्याकडून येत होता आणि वास थेट स्वयंपाकघरात. तिला प्यावंसं वाटलं. खोटं कशाला सांगू, असं वाटलं की जिभेच्या मुळाशी पाणी सुटलं. घर असंच रिकामं राहिलं तर चार वाजेपर्यंत आपणच त्या टेबलाशी जाऊन उभ्या राहू, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सात महिने पाण्यात जातील, आणि पुढच्या वेळी वॉर्डात जायचं बळ उरणार नाही.

"जाऊ दे ना गं," रादिशा हळूच म्हणाला. "बोलावू सगळ्यांना आत, बरणीसकट. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"एका दिवसाचाच असतो, रादिशा. रोज."

तिने एप्रन सोडला आणि ती अंगणात उतरली. पहिली दोन पावलं सवयीने लंगडली. मग तिचं तिलाच हसू आलं, आणि रागही. चार महिने पाय ओढला तो कुणासाठी? या फाटकावरच्या पिणाऱ्यांना आपल्या न पिण्याची लाज वाटू नये म्हणून? उरलेलं अंगण ती ताड ताड चालत गेली.

"अरे वा!" शेजारचा म्हातारा ग्वोझ्देन पेला उंचावून म्हणाला. "गुडघे सुधारले की! झऱ्याचं पाणी मानवलं म्हणायचं."

"गुडघ्यांना काही झालंच नव्हतं, काका. मी झऱ्यावर नव्हते. दारुड्यांच्या वॉर्डात होते. मी दारुडी आहे. सात महिने थेंब घेतलेला नाही."

वितोमिरने बरणी टेबलावर आपटली.

"लाज नाही वाटत?" तो म्हणाला. "आज, संताच्या दिवशी?"

"वाटत होती तेव्हा प्यायचे. आता नाही वाटत." तिने घराकडे हात केला. "आत चेरीचा मुरंबा आहे आणि गार पाणी. सारमा आहे, डुकराचं भाजलेलं पिल्लू आहे, संताची मेणबत्ती आहे. राकिया नाही. यंदा नाही, पुढच्या वर्षी नाही, मी जिवंत आहे तोवर नाही. ज्याला यायचं त्याने यावं. ज्याला प्यायचंय त्याच्यासाठी दादांचं घर दोनशे पावलांवर आहे, पण माझ्या फाटकावर हा तमाशा नको."

ग्वोझ्देनने पेला रिकामा केला. तो काही साधू नव्हता. मग मिशा पुसून त्याने विचारलं, "सारमा कालचा की आजचा?"

"कालपासूनचा."

"मग चला. दारू काय, घरी पण आहे."

तो आत गेला. त्याच्यामागे दोघी बहिणी गेल्या, मग शाळेचे मास्तर सहकुटुंब, मग आणखी काही जण. चाळिसांतले अकरा. बाकीचे वितोमिरभोवती राहिले आणि मोठमोठ्याने हसू लागले. स्तामेन्का दारात उभी राहून प्रत्येकाला चमचाभर मुरंबा आणि पाणी देत होती. अकरा माणसांत चाळीस ताटं फार भकास दिसतात. तिला वाईट वाटलं, पण प्यावंसं वाटलं नाही.

बारावी आली ती पर्सिदा. टेबल सोडून, अंगण ओलांडून. स्तामेन्काने तिच्यापुढे मुरंबा धरला. पर्सिदाने चमचा उचलला आणि तो पाण्याच्या ग्लासवर असा खणखणू लागला की तिने तो दोन्ही हातांनी धरला. स्तामेन्काने तिच्याकडे नीट पाहिलं. तीस वर्षं एकमेकींच्या जावा, आणि हे आपल्याला दिसलं नाही? मग तिला ओढतच स्वयंपाकघरात नेऊन तिने दार लोटलं.

"कधीपासून, जाऊबाई?"

"आमच्या पोरीच्या, मिरोस्लावाच्या लग्नापासून." पर्सिदा भिंतीकडे बघत होती. "तिकडे... वॉर्डात... नवऱ्यालापण न्यावं लागतं का गं?"

"न्यावं लागतं."

"तो नाही यायचा."

"मी येते. बुधवारी बैठकीला, आठच्या गाडीने."

तेवढ्यात रस्त्यावरून वितोमिरची हाक आली, साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी. "पर्सिदा! कुठे उलथलीस? पेले कोण भरणार?"

पर्सिदा दचकून उठली. सवयीने दारापर्यंत गेलीसुद्धा. मग वळली, खिडकी सताड उघडली, आणि तीस वर्षांत या गावाने तिचा कधी ऐकला नव्हता एवढ्या आवाजात ओरडली.

"तुमचे तुम्ही भरा!"

आणि मटकन खुर्चीवर बसली.