अण्णांना कोण विचारणार?

"श्वास आणखी बिघडला तर मशीन लावायचं की नाही, संध्याकाळपर्यंत सांगा," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे वळल्या. आमच्या वडिलांची, अण्णांची फुफ्फुसं आता सुधारणार नाहीत, हे त्यांनी सकाळीच सांगितलं होतं.

दादा आणि मी व्हरांड्यात एकमेकांची तोंडं बघत बसलो. दादा जाऊन विचारून आला, मशीन किती दिवस लागेल? सांगता येत नाही. मी विचारून आले, त्रास होईल का? गुंगीचं औषध देऊ. प्रत्येक उत्तराने डोक्याचा आणखी भुगा होत होता. "लावू या," दादा म्हणायचा. मी हो म्हटलं की लगेच, "पण हाल होतील गं." असला हा माणूस! आणि तो नको म्हणाला की मी रडकुंडीला यायचे.

अण्णा शुद्धीत होते, त्यांनाच विचारता आलं असतं. पण आमचं शिंप्याचं घर. दुकानात अण्णांची शिस्तच होती, "गिऱ्हाईकाला विचारलं की ते गोंधळतं. टेप लाव, अंगाकडे बघ आणि आपण ठरव." तसंच आम्ही दोघं आता त्यांच्या अंगाकडे बघत होतो आणि काही म्हणजे काही कळत नव्हतं.

शेवटी माझंच डोकं फिरलं. आत जाऊन सरळ विचारलं, "अण्णा, मशीन लावायचं का?"

"मला काय कळतंय त्यातलं?" ते धापा टाकत म्हणाले.

"बरं, भीती कशाची वाटते ते तरी सांगा."

त्यांनी शेजारच्या रिकाम्या खाटेकडे बोट केलं. "मशीन लावलं की तुम्हाला बाहेर काढतात. शेजारच्याची बायको... दाराबाहेरच राहिली."

हे आमच्या ध्यानीमनीही नव्हतं. मी धावत डॉक्टरबाईंना गाठलं. "मशीन लावलं तर आम्हाला जवळ बसू द्याल?"

"तिकडे आयसीयूत नाही. भेटीच्या वेळेपुरतं."

"आणि मशीन न लावता इथेच ठेवलं तर?"

"इथे बसा की. धाप कमी वाटावी म्हणून औषध देऊ."

मी अण्णांना सगळं सांगितलं. "इथेच," ते म्हणाले.

बरोबर झालं की चूक, मला अजून उमजत नाही. दादाला विचारावं तर तो माझ्याकडेच बघतो. त्या दिवशी आम्ही खाटेच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या ओढल्या. अण्णा डोळे मिटूनच अधूनमधून विचारायचे, "आहात ना?"

"आहोत, अण्णा."

मग एकदा त्यांनी विचारलंच नाही. आम्ही वाट बघितली. तरी दादा म्हणाला, "आहोत, अण्णा."