सल्की

लातूरच्या गोलाई बाजारात भांड्यांचं दुकान असलेल्या घरात मंजुश्री थोरली सून. वय बेचाळीस, शिक्षण बारावी, आणि इंग्रजीचं नाव काढलं की हातापायाला घाम. लेक सृष्टी इंग्रजी शाळेत आठवीत गेली, तेव्हा मंजुश्रीनं मनाचा हिय्या करून औसा रोडवरच्या चन्नबसप्पा सरांच्या क्लासला नाव घातलं. तीन महिने एकटी गेली. मग धाकटी जाऊ शिल्पा म्हणाली, "अक्का, मी बी येऊ का?" मंजुश्रीनंच तिला स्कूटीवर मागं बसवून नेलं. तिथंच आपलं चुकलं, असं तिला पुढं कितीदा तरी वाटलं.

शिल्पा उदगीरची. माहेरी घरात कन्नड, बाहेर मराठी, शेजारपाजारी उर्दू. तिला आणखी एका भाषेचं ओझं झालं नाही. सर रोज फळ्यावर माणसाच्या स्वभावाचे पाच शब्द लिहीत: चीअरफुल म्हणजे आनंदी, ग्रम्पी म्हणजे चिडका, स्टबर्न म्हणजे हट्टी, असे. "नुसते पाठ करू नका," ते म्हणत. "घरात कोण कसं वागतंय ते बघा, त्याला शब्द लावा, आन् चार ओळी लिहून आणा."

मंजुश्री शब्द दहा दहा वेळा गिरवी आणि सकाळी विसरे. शिल्पाचे शब्द मात्र घरभर फिरू लागले. जेवताना ती सृष्टीच्या कानात म्हणे, "तुझे पप्पा आज ग्रम्पी," आणि पोरगी ठसका लागेपर्यंत हसे. मंजुश्री भाकरी वाढत ते हसणं ऐकत राही. आपल्या लेकीला आपण असं शेवटचं कधी हसवलं, ते तिला आठवत नसे.

एका संध्याकाळी सृष्टी म्हणाली, "मम्मी, शनिवारी शाळेत पालकसभा हाय. काकूला येऊ दे ना. मॅडम इंग्लिशमधूनच बोलतात. मागच्या वेळी तू नुसती मान हलवत राहिलीस."

"जाऊ दे की तिला," मंजुश्री म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

त्यानंतर तीन दिवस ती शिल्पाशी कामापुरतंही बोलली नाही. चौथ्या दिवशी दुपारी शिल्पा गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली तेव्हा तिची वही पलंगावर पडलेली होती. मंजुश्रीनं ती उघडली. शेवटच्या पानावर वर लिहिलं होतं, 'माय अक्का'. खालच्या ओळींत एक शब्द तिला अडला. सल्की. तिनं मोबाईलवर अर्थ काढला. फुगून बसणारी, घुम्यासारखी वागणारी. तिची कानशिलं तापली. पुढचं न वाचताच तिनं पान टरकन फाडलं आणि घडी करून पर्समध्ये कोंबलं.

क्लासमध्ये सरांनी नेमकं शिल्पालाच उभं केलं. तिनं वही उघडली, पान उलटलं, परत उलटलं. शिवणीपाशी राहिलेल्या कागदाच्या दातेरी कडेवरून बोट फिरवलं. मग तिनं मंजुश्रीकडे पाहिलं.

"सर, आज लिहायचं राहिलं," ती म्हणाली.

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," सर म्हणाले.

मंजुश्रीला क्षणभर बरं वाटलं. अगदी गार पाणी प्यायल्यासारखं. पण शिल्पा खाली बसली, पेनाचं टोपण काढत-लावत राहिली, आणि ते बरं वाटणं टिकलं नाही.

क्लास सुटल्यावर स्कूटीपाशी शिल्पा थांबली. "अक्का, पान तुम्हीच फाडलंत ना?"

"हाव."

"सरांच्या पुढं मी नाव घेतलं न्हाई तुमचं."

"दिसलं मला." मंजुश्रीनं चावी लावली, पण गाडी चालू केली नाही. "तू मला सल्की लिहिलंस."

"लिहिलं. तीन दिवस तुम्ही माझ्याकडं बघत बी नव्हत्या. मी काय केलं, ते बी सांगंनात. त्याला दुसरा शब्द मला येत नव्हता."

रस्त्यावरून ट्रक गेला, धूळ उडाली. मंजुश्रीनं पदर नाकाला लावला. "दुसरा हाय," ती पदराआडून म्हणाली. "जेलस. मला येतो तो. माझी पोरगी तुझ्यामागं फिरती, ते मला बघवत न्हाई." तोंडातून गेलं आणि तिला लाज वाटली, पण मागं घ्यावंसं वाटलं नाही.

शिल्पा मागं बसली. "शनिवारी तुम्हीच जा," ती म्हणाली. "मी येणार न्हाई."

"जाणारच होते," मंजुश्री म्हणाली.

शनिवारी वर्गशिक्षिका इंग्रजीतच बोलल्या. मंजुश्रीनं एकेक शब्द दाण्यासारखा वेचला. सृष्टी जरा रेस्टलेस आहे. हा शब्द झाला होता, चुळबुळी. पण ती कन्सिडरेट आहे. हा नव्हता झालेला. एरवी तिनं मान हलवली असती. आज तिनं पर्समधून पेन काढलं. "मॅडम, हा शब्द आमच्या क्लासमध्ये अजून आला न्हाई. स्पेलिंग सांगता? आन् अर्थ?"

बाई हसल्या, पण चांगलं हसल्या. त्यांनी स्वतःच कागदावर लिहून दिला आणि म्हणाल्या, "दुसऱ्याच्या मनाचा विचार करणारी."

घरी आल्यावर सृष्टीनं तो कागद दोनदा वाचला. "तू मॅडमना विचारलंस?" तिचा विश्वास बसेना. मग कागद घेऊन ती धावत सुटली ती सरळ स्वयंपाकघरात, काकूला दाखवायला.

मंजुश्रीच्या काळजात बारीक कळ आलीच. तिनं चप्पल काढली, पर्स ठेवली, आणि तीही तिच्या मागोमाग आत गेली.