सासरचं सुतक

आमचा त्रिविक्रमअण्णा बायकांच्या हक्कांवर बोलायला उभा राहिला की मला स्वयंपाकघरातली भांडी आपटावीशी वाटतात. वकील माणूस, त्यात गळा गोड. कायदा आणि समाज यांचा अभ्यास करणाऱ्यांचं बेंगळुरात एक मंडळ आहे, त्याचा तो चिटणीस. मंडळाचं वार्तापत्र दर महिन्याला आमच्या चिकपेटच्या घरी यायचं. अमक्यांनी निबंध वाचला, तमके प्राध्यापक परदेशाहून परतले, हुंडाबंदीवर परिसंवाद झाला. अण्णा ते जेवताना मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि मी भात वाढत असायचे.

आणि याच अण्णाला माझी सही हवी होती. आमचे वडील नवा वारसा कायदा आल्यानंतर गेले, तेही मृत्युपत्र न करता, म्हणून घरात माझाही हिस्सा लागला. अण्णाला ते घर पाडून दुमजली बांधायचं होतं. त्यासाठी मी हक्क सोडल्याचा कागद करून द्यावा, एवढंच त्याचं म्हणणं. "वसू, स्वल्प एक सही करायची, झालं," असं म्हणायचा, जसं काही मीठ मागतोय. होसकोट्याच्या माझ्या नवऱ्यानं मला टाकलं तेव्हापासून मी भावाकडेच राहत होते. सही केली की मी या घरात पाहुणी, उद्या कुणी 'ऊठ' म्हटलं तर उठायचं. आणि नाही म्हणायचं तर कुठल्या तोंडानं, जेवत होते त्याचंच. रात्रंदिवस जीव टांगणीला लागलेला असायचा.

म्हणून मी माणसं मारायला लागले.

हसू नका. आमच्या घरात वडिलांपासूनचा नियम आहे, सुतकात घरादाराच्या कागदाला हात लावायचा नाही. आणि लग्न झालेल्या बाईला सुतक लागतं ते सासरच्या भाऊबंदांचं. नवऱ्यानं टाकली तरी गोत्र त्याचंच, हे आमच्या भीमाचार्य भटजींनी अण्णाला बजावून सांगितलेलं. होसकोट्याच्या वेशीत पाऊल टाकणार नाही अशी अण्णाची शपथ, तेव्हा खरं-खोटं करायला जाणार कोण? रजिस्ट्रार कचेरीत जायचा दिवस ठरला की माझ्या सासरचं कुणीतरी जायचं. आज चुलतसासरे, पुढे त्यांचा मुलगा. "शिवाजीनगरच्या बाजारात होसकोट्याची गंगव्वा भेटली, तिनं सांगितलं," एवढं म्हटलं की अण्णा कपाळाला हात लावून कागद कपाटात ठेवायचा.

मग दहा दिवस मी मागच्या खोलीत बसायचं. कुणाला शिवायचं नाही, अनुसूयावहिनीनं दारात ठेवलेलं पान ओढून घ्यायचं. त्या खोलीला एकच खिडकी, तीही शेजाऱ्याच्या भिंतीवर उघडणारी. जी माणसं होसकोट्याला धडधाकट हिंडत होती त्यांचं सुतक मी इथं भोगत होते. कंटाळून रडू यायचं. पण बाहेर आलं की पुन्हा सहीचा लकडा, म्हणून आतच बरं वाटायचं.

हे मी एकट्या विमलाला सांगितलं. विमला त्याच मंडळाची संशोधक. नवा कायदा बायकांपर्यंत पोचला का, हे विचारत ती घरोघर फिरायची. पोर ऐकायची अशी की पोटातलं सगळं ओठांवर यावं. "अक्का, नाव कुठं येणार नाही," म्हणाली. नाव आलं नाहीच. या शिकलेल्यांना वाटतं, नाव झाकलं की माणूस झाकला. आमच्या लोकांत नाव कोण विचारतं? कुणाच्या घरी काय पाळतात, यावरून घर ओळखतात.

बासष्ट सालची मंडळाची वार्षिक परिषद बसवनगुडीत भरली. विमलाच्या बैठकीला अध्यक्ष आमचा अण्णा. बायकांच्या विषयाला बायका दिसायला हव्यात म्हणून वहिनीला आणि मला नेऊन दुसऱ्या रांगेत बसवलेलं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला वहिनी. विमला काय वाचणार ते मला ठाऊक नव्हतं, नाहीतर ताप आल्याचं सांगून घरीच पडून राहिले असते.

"केस नंबर चार," विमला इंग्रजीत वाचू लागली, "मैसूर राज्यातल्या एका शहरातल्या श्रीमती के." मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, मला सगळं समजत होतं. सुतक हा शब्द आला तेव्हा कळलं, ही श्रीमती के म्हणजे मीच. सासरची माणसं कशी एकामागून एक मरतात ते तिनं सांगितलं तेव्हा सभागृह खदखदून हसलं. सगळ्यांत मोठ्यानं अण्णा हसला. मग ती म्हणाली, "मरणाची बातमी दर वेळी बाजारातली एक बाई आणते," आणि अण्णाचं हसू मध्येच थांबलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानं वहिनीकडे पाहिलं, आणि वहिनीनं माझ्याकडे. बाहेर जायचं दार व्यासपीठाच्या पलीकडे होतं, तिथं पोचायला त्याच्या टेबलासमोरून जावं लागणार. मी पदर घट्ट धरून बसून राहिले.

निबंध संपला आणि अध्यक्ष बोलायला उठले. "उदाहरण मजेशीर आहे," अण्णा म्हणाला. "माझा एकच साधा प्रश्न. ही बाई ज्या घरचं सुतक पाळते ते तिचं घर. मग तिनं तिकडेच जाऊन राहावं. भावानं तिला का सांभाळावं?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो हे सभेला सांगत नव्हता, मला सांगत होता. घरी गेल्यावर माझी ट्रंक ओसरीवर येणार आणि सकाळी होसकोट्याची बस, हे मला लख्ख दिसलं. त्या नवऱ्याच्या दारात पुन्हा उभं राहायचं. माझं डोकंच फिरलं.

मी उभी राहिले. इंग्रजी सुचेना, कन्नडात बोलले. "ती त्या घरची असेल, तर या घराच्या कागदावर तिची सही कशाला हवी?"

"अक्का," विमलाच्या तोंडून निघून गेलं, तेही माईकसमोर. आता ओळखायचं कुणी राहिलं नाही. वहिनी माझा पदर ओढत होती, पण मी बसले नाही.

पुढच्या रांगेत नागनाथ म्हणून मैसूरचे म्हातारे प्राध्यापक होते. ते वळून माझ्याशी अगदी मायेनं बोलले. "सही हवी, कारण ती वारस आहे, अम्मा. आणि नवऱ्यानं टाकलेल्या मुलीला बापाच्या घरात राहायचा हक्क कायद्यानंच दिलाय. तिथून तिला भाऊ काढू शकत नाही."

अण्णाला हे पाठ असणार. तरी घरात एकदाही बोलला नव्हता. मी खुर्चीची पाठ धरली. इतक्या वर्षांत मला असं कुणी सांगितलं नव्हतं, माझे डोळे भरून आले. तेवढ्यात ते म्हणाले, "मात्र भाऊ वाटणी मागत नाही तोवर तिला राहत्या घराची वाटणी मागता येत नाही. हिस्सा आहे, पण घेऊन निघता येत नाही. अभ्यासाला फार चांगला मुद्दा आहे." मग चहाची वेळ झाली.

आम्ही तिघं एकाच जटक्यातून घरी आलो, गुडघ्याला गुडघे लागत होते. चिकपेटच्या गर्दीत घोडा अडला तेव्हा अण्णानं तोंड उघडलं.

"ऐकलंस ना? मी वाटणी मागणार नाही. कधीच नाही."

"सरी, तसंच होऊ दे," मी म्हटलं. "आणि मी सही करणार नाही. कुणी मेलेलं नाही, सगळे ठणठणीत आहेत. तरी करणार नाही."

"मग नवं घर विसरायचं?"

"विसर."

त्यानं मान फिरवली. घराशी उतरल्यावर त्यानं कुलूप काढलं आणि चपला भिरकावून आत गेला.

"म्हणजे आता कुणालाच कुठं जाता यायचं नाही," वहिनी म्हणाली आणि भात लावायला गेली.

मी पायरीवर जराशी थांबले, मग मीही गेले. त्या घरात मी पहिल्यांदा हक्कानं शिरत होते, आणि तिथून पळून जावं असं मला इतकं कधी वाटलं नव्हतं.