हिसक्याच्या आधी

मनगटावरचा वाटाण्याएवढा राखाडी मणी पुन्हा सुटत होता — सायो कुरामोचीनं तो दाबून बसवला. अंगभर असे त्रेपन्न मणी. कॅमेरे फक्त तेवढेच टिपणार, आणि त्यांवरून व्हिडिओ गेममधली गिर्यारोहक बाई चालणार, धापा टाकणार. बर्फाचा कडा म्हणजे प्लायवूडची उतरती फळी. वारा नाही, थंडी नाही. ओसाकातल्या त्या बंद हॉलमध्ये उलट घाम फुटलेला.

"आता दोराचा प्रसंग," निशिओ म्हणाला. संगणकावर शरीरं हलवणारा, जेमतेम पंचविशीचा. "खाली जोडीदार घसरतो, हिसका बसतो, तुमच्या मुठीतून दोर सुटतो. तुम्ही खरे डोंगर चढलात, कुरामोचीसान. मी काय सांगणार?"

दोर कोरडा होता, हलका. होताका शिखरावरचा गोठून लाकडासारखा कडक झाला होता... खालून तिचा जोडीदार तेत्सुरो म्हणाला होता, जरा थांब, बूट सैल झालाय. मग हिसका, मग रिकामा हात. अकरा वर्षं ती हेच सांगत आली — आधी पोलिसांना, मग तेत्सुरोच्या आईला. आईनं तिची सुजलेली बोटं कुरवाळत म्हटलं होतं, "तुझा काय दोष, पोरी."

निशिओनं खूण केली. फळीच्या टोकावरून दोराला बांधलेली वाळूची गोणी खाली सोडली गेली. सायो वाकली, दोर सुटला.

"झकास."

पडद्यावर पांढराशुभ्र कडा, आणि त्यावर तिचंच बिनचेहऱ्याचं शरीर. निशिओ एकेक चित्र मागं नेत थबकला.

"गंमत बघा. इथं दोर अजून ढिला आहे. आणि तुमची बोटं उघडलीत."

"आधीच?"

"किंचित. होतं असं, पुढचं ठाऊक असतं ना. मी मागंपुढं सरकवून टाकतो, कुणाला कळणार नाही."

पुढचं ठाऊक असतं... होताकावर मला कुठं ठाऊक होतं? पण खालून बर्फ खरवडल्याचा आवाज आला होता — हिसक्याच्या आधी, नक्की आधी — आणि तो कसला आवाज हे मला कळलं होतं. कळलं, आणि मग मुठीनं काय केलं? घट्ट धरलं म्हणून आठवतंय ते खरंच धरणं, की नंतर इतक्यांदा सांगितलेलं सांगणं?

"सरकवू ना?"

"नको," ती म्हणाली.

"का पण? चूक दिसेल ती."

कुणी तुझा दोष नाही म्हणालं की आजवर तिची छाती हलकी व्हायची. ती यापुढं होणार नाही, एवढंच तिला स्पष्ट कळत होतं.