गाळलेलं कडवं

औषधवालीच्या दुकानावरच्या खोलीत दर महिन्याला जी मंडळी जमायची, त्यांचं एकमेकांशी कशावरच पटत नसे, आणि बहुधा म्हणूनच ती न चुकता जमायची. सगळ्यांना वेड एकच. ‘नवरीचा घोळ’ नावाचं जुनं संगीत नाटक. माणसं जन्मात घरं बदलतात, नोकऱ्या बदलतात, पण या नाटकानं जेवढे कपडे बदलले तेवढे कुणी बदलले नसतील. दर काही वर्षांनी एखादा निर्माता उठायचा, हे आता शिळं झालं म्हणायचा आणि गाण्यांना कात्री लावायचा. एकानं लग्नं जुळवणाऱ्या मामाला कचेरीतला बाबू केलं. दुसऱ्यानं सासूची दोन खाष्ट गाणी काढून तिला समंजस केलं. आता समंजस सासूला नाटकात काम ते काय उरणार? म्हणून तिसऱ्यानं तिला पहिल्या अंकातच गावाला धाडलं.

मंडळींची बसायची जागासुद्धा ठरलेली. ज्यानं ज्या काळातलं नाटक पहिल्यांदा पाहिलं, तो त्या काळातल्यांच्या शेजारी. आणि गंमत अशी, की प्रत्येकाला आपण पहिल्यांदा पाहिलेलं तेच अस्सल वाटायचं. त्याच्या आधीचं ते गावंढळ आणि नंतरची ती भेसळ. पाचव्या वेळी बदललेलं नाटक पाहिलेला माणूसही छातीवर हात ठेवून सांगायचा, की मूळचं मी पाहिलंय.

खरंखुरं मूळचं पाहिलेले त्या खोलीत एकटे चष्मेवाले काका. चौकात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘मुळात’नं सुरू व्हायचं, म्हणून सगळे त्यांना मुळातकाका म्हणायचे, तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचा अजिबात राग नसे. उलट पदवी मिळाल्यासारखे ते खुलायचे.

औषधवाली या सगळ्यांची यजमानीण. दिवसभर खाली गल्ल्यामागे उभी राहून गोळ्या द्यायची आणि महिन्याच्या त्या संध्याकाळी दुकान नोकरावर सोपवून वर यायची. तिचा डावा पाय लहानपणापासून आखूड. एका बुटाला जाड तळ जोडलेला, त्यामुळे ती जिना चढायला लागली की वरच्यांना आवाजावरनंच कळायचं. त्याचं तिला काडीचं वाईट वाटत नसे. गिऱ्हाइकानं संकोचून पायाकडे पाहिलं तर ही हसून म्हणायची, बघा बघा, फुकट आहे.

तिला या नाटकाचं वेड लागायचं कारण तिची आई. आई त्या नाटकाच्या पहिल्यावहिल्या संचात होती. नायिका-बियिका नव्हे, कोरसातली चौथी. पण लग्नाच्या गाण्यात एक कडवं तिला एकटीला होतं. लंगडी नवरी चांगली म्हणून खपवली जाते, त्या प्रसंगाचं.

नवरी आली तोऱ्यात, पाहा तिची वहिवाट,
एक पाऊल सपाटीवर, एक चढते घाट

पुढं अशाच आणखी दोन ओळी. हे म्हणत आई पुढं यायची आणि बाकीच्या तिघी तिच्यामागं लंगडत रंगमंचभर फिरायच्या. नाटकातला सगळ्यात मोठा हशा तिथं. मग एके दिवशी ते कडवं गेलं आणि पुढच्या कुठल्याही बदलात परत आलं नाही. आई मागच्या रांगेत गेली. पुढं नाटकही सुटलं आणि ती घरी पडदे-अभ्रे शिवायला लागली.

कडवं का गेलं यावर मंडळींत दर बैठकीला वाद. कुणी म्हणे नाटक लांबत होतं, कुणी म्हणे नायिकेला त्या हशाचा हेवा वाटला. मुळातकाकांचं मात्र ठाम होतं, कारण ते लहानपणी त्या प्रयोगाला हजर होते.

“मुळात त्या बाईंना शब्दच आठवेनात. नुसत्या उभ्या राहिल्या. पेटी आपली वाजतेय वाजतेय. मी डोळ्यांनी पाहिलंय. नाचता येईना अंगण वाकडं, त्यातला प्रकार. नाटक कंपनीचे मालक तरी काय करणार?”

ती बाई कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. खोलीत कुणालाच नव्हतं. औषधवालीनं कधी सांगितलं नाही. दर वेळी ती चहा ओतत राहायची. तिची आई काहीही विसरत नसे. वाण्याकडचे भाव, शेजारणीचे टोमणे, गेल्या वर्षी कुणी कुठली साडी नेसली होती, सगळं तोंडपाठ. मग चार ओळी विसरेल? कुणीतरी तिच्यावर आळ घेतलाय, तिला डावललंय, हे औषधवालीनं मनाशी पक्कं धरलं होतं. आई थकत चालली होती. ती आहे तोवर ते कडवं एकदा रंगमंचावर वाजावं, आईनं खुर्चीत बसून ऐकावं आणि मग आपण सगळ्यांना सांगावं, की हे हिचं होतं. एवढंच तिला हवं होतं, पण ते फार हवं होतं.

आणि संधी चालून आली. एका नव्या निर्मात्याला नाटक पुन्हा उभं करायचं होतं आणि या खेपेला त्यानं मंडळींनाच विचारलं. बाकी गाणी ठरलीत म्हणाला, या एका कडव्याचं काय करू ते तुम्ही एकमतानं सांगा. एकमतानं! बिचाऱ्याला मंडळींचा अनुभव नव्हता.

त्या संध्याकाळी खोलीत नुसता कल्ला. कडव्याच्या विरुद्ध सगळ्यात तावातावानं बोलली ती शाळेतली बाई. मंडळींत वयानं सगळ्यात लहान, पण कुणाला बधणारी नव्हे.

“ज्या पोरीचा पाय अधू आहे, तिनं तिकीट काढून हे ऐकायचं का?” ती म्हणाली. “माझ्या वर्गात एक आहे. मी तिला घेऊन जाऊ या नाटकाला?”

“मुळात तो विनोद आहे,” मुळातकाका म्हणाले. “त्या काळी कुणाला काही लागायचं नाही.”

“त्या काळी कुणी विचारलं होतं का, काका?”

काका चष्मा पुसायला लागले. तेव्हा औषधवालीनं चहाची किटली खाली ठेवली आणि आपला हुकमाचा पत्ता टाकला. आजवर कधी टाकला नव्हता.

“बाई, ज्याचं जळतं त्याला कळतं, बरोबर? मग या खोलीत लंगडी मी आहे. मला हे कडवं पाठ आहे आणि मला ते ऐकून हसू येतं. माझी हरकत नाही. तुम्ही माझ्या वतीनं का रागावता?”

शाळेतली बाई हळूच म्हणाली, “तुमची हरकत नसेल ताई, तर मी कोण?” आणि विषय संपला. कडवं परत येणार. इतकी वर्षं एकमेकांना पाण्यात पाहणारी मंडळी एकमतानं जिना उतरली.

औषधवाली दुकानामागच्या घरात आली तेव्हा आई मटार सोलत बसली होती.

“आई, तुझं कडवं परत येतंय.”

“कुठलं कडवं?”

“घाटाचं. नव्या नाटकात घेतायत. मी घ्यायला लावलं.”

आईनं हातातली शेंग तशीच खाली ठेवली. लेकीला वाटलं, आता हिचे डोळे भरून येणार. आई म्हणाली, “कुणी सांगितल्या होत्या तुला या उचापती?”

“अगं, लोक म्हणतात तू शब्द विसरलीस म्हणून कडवं काढलं. माझ्यासमोर म्हणतात. मी किती दिवस मूग गिळून बसू?”

“म्हणू देत. मालकांनी तेच सांगितलं सगळ्यांना. मीही होय म्हटलं.” आईनं पदराला हात पुसले. “मी विसरले नव्हते. मी गायले नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय, म्हणजे गायले नाही. तोंड मिटून उभी राहिले.”

लेक पुढची खुर्ची ओढून बसली. तिला काही समजेना. आई मटारांकडे बघत बोलायला लागली, भाजीचा भाव सांगावा तशी, आवाज न चढवता.

“घरी तुला सांभाळायला कुणी नव्हतं. मी तुला थिएटरात न्यायची. तू पाच वर्षांची असशील. विंगेत बसून बघायचीस. आम्ही लंगडायला लागलो की लोक हसायचे, आणि तुला वाटायचं, हे काहीतरी लई भारी आहे. मग घरी आलीस की अंगणात पोरं गोळा करायचीस आणि तेच गाणं म्हणत चालून दाखवायचीस. पोरं खिदळायची. तू खूश.”

“मला आठवत नाही,” औषधवाली म्हणाली.

“नकोच आठवायला. डॉक्टरांनी तुला व्यायाम दिला होता. पाय सुधारत होता गं. टाच टेकायला लागली होती. आणि तू मुद्दाम जास्त लंगडायला लागलीस. घरात, रस्त्यात, कुठंही. मी ओरडले, नीट चाल. तर मला म्हणालीस, नीट चालले तर कोण हसेल?”

औषधवालीचा हात आपसूक गुडघ्यावर गेला.

“मालकांच्या पाया पडले, कडवं काढा म्हणून. ते म्हणाले, वेड लागलंय का, सगळ्यात मोठा हशा तिथं आहे. मग मी काय करणार? पुढं आले आणि गप्प उभी राहिले. पेटीवाल्याला वाटलं विसरली, तो बिचारा वाजवत राहिला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. दुसऱ्या दिवशी परत तेच. मग मालकांनी कडवं कापलं, आणि मला मागं ढकललं. महिनाभर तू विचारत होतीस, ते हसायचं गाणं कुठं गेलं. मग विसरलीस आणि नीट चालायला लागलीस. म्हणजे तुझ्यापुरती नीट.”

“मला सांगितलं का नाहीस कधी?”

“काय सांगायचं? तुझ्या पायावर लोक हसत होते नि तूही हसत होतीस, हे?” आईनं शेंग परत उचलली. “तुला स्वतःची लाज वाटत नाही. एवढंच हवं होतं मला. ते मिळालं. आता उगाच उकरून काढू नकोस.”

औषधवालीला आधी आईचा राग आला, इतकी वर्षं ताकास तूर लागू दिली नाही म्हणून. मग स्वतःचा आला. तासाभरापूर्वी वर उभं राहून ती मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती, माझी हरकत नाही. हा बिनधास्तपणा तिला वाटायचं आपला स्वभाव. तिची हरकत नव्हती, कारण तिच्या वाटची हरकत आईनं भरल्या थिएटरात शिट्ट्या खात घेतली होती. ती आईच्या समोर बसून रडली, चांगली हुंदके देऊन. आईनं तिला रडू दिलं आणि थोड्या वेळानं निम्मे मटार तिच्या पुढ्यात सरकवले.

दोन दिवसांनी तिनं मंडळींना परत बोलावलं. अवेळी बोलावणं आलं म्हणून सगळे धास्तावून आले. निर्माताही आला.

“कडवं नको,” ती म्हणाली.

“हे बरं आहे,” मुळातकाका तडकले. “परवा घ्या, आज नको. मुळात आपलं ठरलं होतं ना? त्या बाईंना जमलं नाही म्हणून आपण का सोडायचं?”

“त्या बाई माझी आई आहेत, काका.”

मग तिनं सगळं सांगितलं, पाच वर्षांच्या पोरीसकट. सांगताना कुणाकडे पाहिलं नाही. शाळेतली बाई उठून तिच्या शेजारी येऊन बसली.

“आईनं कुणाला सांगू नको म्हटलंय,” ती शेवटी म्हणाली. “पण ती विसरली हे मी यापुढं ऐकून घेणार नाही. आता तुम्हाला काय करायचं ते करा.”

निर्मात्यानं डोकं खाजवलं. “मग त्या जागी काय टाकू? पुढची चाल तिथूनच उचलते. नवीन चार ओळी लिहून घेऊ?”

“नवीन नको,” औषधवाली म्हणाली. “पेटी वाजू दे. बाई पुढं येऊ दे आणि न गाता उभी राहू दे.”

“असं कुठल्या नाटकात होतं?” मागून कुणीतरी कुरकुरलं. “हा आणखी एक बदलच झाला की.”

मुळातकाकांनी चष्मा काढून हातात घेतला. “होतं,” ते म्हणाले. “दोन प्रयोगांत होतं. त्यातला एक मी पाहिलाय, आणि मीही शिट्टी मारली होती.” त्यांनी चष्मा परत चढवला. “मी हेच पाहिलंय. मुळात हेच.”

नाटक उभं राहिलं. पहिल्या प्रयोगाला औषधवालीनं आईला तिसऱ्या रांगेत बसवलं. आई आधी येत नव्हती, गुडघे दुखतात म्हणाली, डोळ्यांना उजेड सोसत नाही म्हणाली, मग स्वतःच ठेवणीतली साडी काढून बसली. पुढं काय येणार हे लेकीनं तिला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती आलीच नसती.

लग्नाचं गाणं रंगात आलं. कोरसातली एक तरुण बाई पुढं आली, थेट उजेडात, आणि तोंड मिटून उभी राहिली. पेटी एकटीच वाजत राहिली. लोकांना वाटलं, विसरली. आधी कुजबुज, मग कुणीतरी खोकलं, मागून एक शिट्टी आली, आणि तिच्या पाठोपाठ आणखी दोन. औषधवालीला त्या अंगावर आल्यासारख्या वाटल्या. आईनं तिचा हात धरला होता आणि ती रंगमंचावरच्या त्या पोरीकडे एकटक बघत होती. पोरगी जागची हलली नाही. चार ओळींची चाल सरली, ताल बदलला आणि कोरसानं पुढचं कडवं उचललं.

आईनं हात सैल केला.

“झालंसुद्धा?” ती म्हणाली. “तेव्हा किती लांब वाटलं होतं गं.”