काठवटीतले किडे

मी एक जुनी काठवट आहे, मित्रांनो, आणि माझ्यात आता कुणी पीठ मळत नाही.

करजगीच्या बसवंतप्पा सुतारांनी मला कडुलिंबाच्या बुंध्यातून कोरून काढलं, तेव्हा माझ्या अंगाला कडू वास होता. तो गौरम्माच्या हातांनी घालवला. रोज पहाटे ज्वारीचं पीठ, कढत पाणी आणि तिची दोन मनगटं. तिच्या बांगड्या वाजायच्या आणि मी खालून ताल धरायचे. शेजारणी म्हणायच्या, काठवट असावी तर गौरम्माची.

मग एका उन्हाळ्यात मी तळापर्यंत तडकले. घरात पितळेची परात आली आणि मला चुलीमागे सरपणावर उभं केलं. लाकडाला सरपणाची भीती वाटते. तुम्हांला हे कुणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते.

निजामाचं राज्य जाऊन तीन-चार पावसाळे झाले होते. आषाढात बायका खुरपणीला जायच्या आणि धाकटी लेकरं गौरम्माच्या ओसरीवर सोडायच्या. त्यांत चंद्रम्माची सिद्धव्वा होती, चार वर्षांची. मागच्या सुगीत कडब्याखालचा विंचू तिच्या पायाला डसला होता. पाय बरा झाला, पण तिनं पुन्हा जमिनीला पाऊल लावलं नाही. मुंगी दिसली तरी पाय पोटाशी घ्यायची. आई तिला कडेवर आणून बाजेवर ठेवायची. चंद्रम्माचे दिवस भरत आले होते. एक लेकरू पोटात, एक कडेवर. उंबऱ्याशी टेकून ती दम घ्यायची आणि गौरम्मा बघत राहायची.

आषाढातल्या मंगळवारी आमच्याकडे मुली तळ्याची माती आणून गुळव्वा देवी करतात, तिला पूजतात. त्या मंगळवारी उरलेला मातीचा गोळा गौरम्माच्या हातात राहिला. तिनं मुंग्या केल्या, मुंगळे केले, उन्हात सुकवले. चिंचोक्याला मातीचे पाय लावले, झाला भुंगा. तागाची वाळकी शेंग खुळखुळली, झाला रातकिडा. सुरवंटासाठी तिनं पिराप्पा धनगराकडं मूठभर लोकर मागितली.

"किड्याला लोकर कामून, अक्का? थंडी वाजायली का त्याला?" पिराप्पा म्हणाला. पण लोकर दिली.

मग गौरम्मानं मला सरपणातून ओढलं, पुसलं, माझ्यात ज्वारी ओतली आणि सगळे किडे दाण्यांत पुरले. लेकरं माझ्याभोवती बसली. कुणी डोळे मिटून सुरवंट ओळखला, कुणी शेंग कानाशी धरली. गौरम्मा गुणगुणायची,

मातीची गं मुंगी, मातीचे तिचे पाय,
दाणा दाणा नेते, वाट बघे माय.

मित्रांनो, इतके मऊ हात मला आधी कधी लागले नव्हते.

सिद्धव्वा बाजेवरून बघायची. गौरम्मानं मला बाजेवर ठेवलं, तेव्हा त्या लेकरानं बोटांची टोकं दाण्यांत घातली. सुरवंट गालाला लावला. हसलीसुद्धा. पण हात मनगटापुढं जाईना. रोज तेवढाच. गौरम्मानं विचारलं, तेव्हा ती हळूच म्हणाली, "ते खाली हाय."

ते म्हणजे काय, हे सगळ्यांना कळलं. आमच्या गावात विंचवाचं नाव घेत नाहीत. मी लाकूड, म्हणून मला चालतं. त्याचा मातीत आकार तर कुणीच काढत नाही. आकार काढला की खरा वाट काढत येतो, म्हणतात. म्हणून गौरम्मानं सगळे किडे केले होते, तेवढा एक सोडून. आणि लेकरू दाण्यांत नेमकं त्यालाच शोधत होतं.

गौरम्मा माती मळायला बसली, तेव्हा चंद्रम्मानं तिचा हात धरला.

"नको अक्का. त्यानं घर हेरलं म्हणजे?"

"त्यानं तुझ्या लेकीच्या मनात कवाच घर केलंय. आपुन कुणापासून झाकायलाव?"

पण तिच्याही हातून नांगी दोनदा मोडली. विंचू सुकल्यावर तिनं सिद्धव्वाला दाखवला आणि तिच्या डोळ्यांदेखत माझ्या तळाशी ठेवला. वर ज्वारी ओतली.

सिद्धव्वानं आधी रोजच्यासारखी बोटांची टोकंच घातली. मग तिचा हात आत आला. मनगट बुडालं, कोपर बुडालं. माझ्या भेगेवर ती बोटं थांबली, आणि त्यांनी विंचू उचलला. चंद्रम्मानं डोळे मिटले.

लेकरानं त्याला उलटासुलटा केला. मग नांगी मोडली आणि विंचू गौरम्मापुढं धरला. "आता ह्याला खेळाया घ्या."

नांगी मुठीत उरली. ती कुठं टाकायची? सिद्धव्वा बाजेवरून उतरली. ओसरी ओलांडून, अंगणातून, उकिरड्यापर्यंत चालत गेली आणि नांगी फेकून तशीच परत आली. चंद्रम्मा उंबऱ्याशी खाली बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली.

आता तिला धाकटा भाऊ आहे. सिद्धव्वा त्याला माझ्यापाशी बसवते आणि बिननांगीचा विंचू दाण्यांत वरच ठेवते, म्हणजे त्याच्या हाताला लवकर सापडावा.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी लहान भीत असेल, तर त्याच्यापासून ती भीती लपवू नका. मातीची करून त्याच्या हातात द्या. आणि माझ्यासारखी कुणी चुलीमागे उभी असेल, तर जाळण्याआधी तिच्यात एकदा दाणे ओतून बघा. फक्त तिची भेग बुजवू नका. माझ्या भेगेतून रोज थोडी ज्वारी सांडते, आणि खऱ्या मुंग्या ती न्यायला येतात. सिद्धव्वा त्यांच्या वाटेशेजारी अनवाणी बसलेली असते.